ताणलेली तार

परवा सुरतेस पांडेसऱ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडी गेलो होतो. मंडळी खानदेशातली, पोटासाठी तिकडे गेलेली. त्याचा धाकटा भाऊ, कापडाच्या रंगाईचा कामगार, तीन दिवस भिंतीकडे पाहत बसून होता. अन्न नाही, शब्द नाही; कोणी हात वर उचलला तर तो तसाच वर! शेजारी कोणी म्हणे सोंग आहे, कोणी म्हणे बाहेरची बाधा. एका वृद्धाने तर 'समाधी लागली' म्हणून हात जोडले.

डॉक्टरांनी नाव सांगितले, कॅटाटोनिया. कालबाउम या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८७४ साली हा शब्द रूढ केला. त्यातल्या 'टोनोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ ताण, आणि तारेचा स्वरही. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या मला हे चटकन उमगले. तंबोऱ्याची तार वाजत नाही म्हणून ती सैल असते असे नाही. सुरात लावलेली तारही मुकी असतेच की!

आपण मात्र अशा माणसाला ढिम्म किंवा हट्टी म्हणून मोकळे होतो. हल्लीची शिकलेली मुले तर आळशी मित्राला थट्टेने 'कॅटाटोनिक' म्हणतात. रसशास्त्रातला 'स्तंभ'ही इथे लावू नये. तो क्षणभराचा भाव, हा जिवावर बेतणारा आजार. पाणी तुटते, रक्ताच्या गुठळ्या होतात. फार वर्षे तो स्किझोफ्रेनियाचाच प्रकार मानला गेला. पण तीव्र नैराश्यात, उन्मादात, मेंदूच्या दाहातही तो दिसतो, आणि २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणाने ते मान्य केले. लोराझेपाम या औषधाने अनेकांत काही तासांतच फरक पडतो. न पडल्यास भूल देऊन विजेचे उपचार करतात. भुलीवाचून ते करण्यास आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

त्या मुलाने सुई दिल्यावर संध्याकाळी पाणी मागितले. चार दिवसांनी भावाला म्हणाला, "मला सगळं ऐकू येत होतं. 'सोंग' म्हणालात, तेसुद्धा."

त्या खोलीत मीही होतो, आणि त्या शब्दाला मी हरकत घेतली नव्हती. म्हणून आता वाचकांना एवढेच सांगणे : असा माणूस दिसला तर त्याला देवऱ्ह्याकडे नव्हे, दवाखान्यात न्यावे, आणि तोवर त्याच्यासमोर, तो ऐकतो आहे असे समजूनच बोलावे.