हिशेब पैशांचा आणि वर्षांचा



दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो : "डॉक्टर व्हायला किती पैसे लागतील?" त्यातून कोणी मेंदूचा शल्यविशारद, म्हणजे न्यूरोसर्जन, व्हायचे म्हटले, तर वडीलधारी मंडळी गप्पच होतात. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. पैशांच्या आधी वर्षांचा हिशेब मांडावा.

बारावीनंतर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा. मग एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे व आंतरवासितेचे एक वर्ष. पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि शल्यशास्त्रातील एम.एस.ची ३ वर्षे. पुन्हा परीक्षा आणि मेंदूशल्यशास्त्रातील एम.सीएच.ची ३ वर्षे. बेरीज झाली साडेअकरा वर्षे. काही संस्थांत एम.बी.बी.एस.नंतर थेट ६ वर्षांचा अभ्यासक्रम असतो, पण बेरीज तीच येते. अठराव्या वर्षी निघालेला विद्यार्थी कोठेही न अडखळता तिशीला टेकतो. सरकारी सेवेची अट असेल, तर तो काळ निराळा.

आता पैसा. आपल्या शहरातले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. आज ते शासकीय आहे. शासकीय आणि खाजगी महाविद्यालयांच्या शुल्कात जमीन-अस्मानाचे अंतर असते. शिवाय एम.एस. व एम.सीएच. करणाऱ्या निवासी डॉक्टरांना दरमहा विद्यावेतन मिळते. म्हणजे खरा भार पडतो तो पहिल्या काही वर्षांचा. म्हणून यंत्रमागावर राबणाऱ्या वडिलांच्या किंवा विड्या वळणाऱ्या आईच्या मुलीने "आपल्याला परवडणार नाही" असे परस्पर ठरवून टाकू नये. आणि ज्यांच्या घरी पैसा आहे, त्यांनी ही वर्षे विकत मिळतात असे समजू नये.

इतकी वर्षे कशासाठी? पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगतो. कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव असतो. अपघातात आत रक्त साठू लागले, की थोडा द्रव आणि शिरांतील थोडे रक्त बाहेर सरकून जागा करून देते. ती सोय संपली, की साठलेल्या रक्तात थोडीशी भर पडली तरी दाब झपाट्याने चढतो व मेंदू चेपला जातो. अशा वेळी कवटी उघडून रक्त काढणारा हात जवळ हवा. सोलापूरहून पुणे सुमारे २५० किलोमीटर दूर आहे, आणि मेंदू तितका वेळ थांबेलच असे नाही. हा हात घडवायला एक तप लागते. पण तो जवळ नसेल, तर त्याची किंमत एखादे कुटुंब एका रात्रीत मोजते.

१९४९ साली वेल्लोरला देशातला पहिला मेंदूशल्यविभाग सुरू करणारे डॉ. जेकब चँडी यांना हे शास्त्र शिकायला कॅनडात जावे लागले होते. १९६८ साली मद्रासला डॉ. टी. एस. कनका यांनी यातली पदवी मिळवली. देशातील पहिल्या काही महिला मेंदूशल्यविशारदांत त्यांची गणना होते. आज ही विद्या आपल्याच देशात शिकता येते.

तेव्हा वहीच्या पानावर दोन रकाने आखा : एक वर्षांचा, एक पैशांचा. आपल्या शिक्षकांकडून शिष्यवृत्त्यांची माहिती घ्या. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा : तिशीपर्यंत मी विद्यार्थी राहायला तयार आहे का? उत्तर 'होय' असेल, तर पैशांचा रकाना पाहून मागे फिरू नका.