औषधाआधी निदान हवे

शेगाव तालुक्याची महाराष्ट्राला ओळख आहे ती संत गजानन महाराजांच्या समाधिस्थानामुळे. जानेवारी २०२५ मध्ये मात्र याच तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या खेड्यांची नावे निराळ्याच कारणाने वृत्तपत्रांत झळकली. डोक्याला खाज सुटावी, केस हातात यावेत आणि अवघ्या तीन-चार दिवसांत टक्कल पडावे, असा विलक्षण प्रकार तेथे घडत होता. पाहता पाहता अठरा गावांतील पावणेतीनशेहून अधिक माणसे या व्याधीने ग्रासली. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि तरुण मुली पुष्कळ होत्या. लाजेपोटी अनेकांनी डोके भादरून घेतले.

प्रारंभी संशय बुरशीवर गेला, पाण्यावरही गेला. तो अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. खाज आणि केसगळ ही डोक्यावरील नायट्याचीही लक्षणे आहेत. तथापि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांनी चित्र पालटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते, तर जस्ताचे प्रमाण घटलेले होते. त्याचे मूळ त्यांनी रेशनच्या गव्हात शोधले. पुढे एप्रिलमध्ये त्याच परिसरात काहींची नखे विद्रूप होऊन गळू लागली. नख बिघडले की बुरशी, असे समीकरण जनमानसात पक्के आहे. येथे तेही लागू पडण्यासारखे नव्हते.

संशय घेणे हा दोष नव्हे. परंतु संशयावर गोळ्या गिळणे हा आहे. अन्नातून शरीरात गेलेल्या सेलेनियमवर बुरशीविरोधी गोळीचा काडीमात्र उपयोग नाही. उलट तिचा भार यकृतावर पडतो, तो वेगळाच.

या गोळ्या साध्या नाहीत, हे सुशिक्षित घरांतही फारसे ठाऊक नसते. टर्बिनाफिनने क्वचित यकृतास इजा होते. भूक मंदावणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळसर दिसणे ही चिन्हे दिसताच औषध थांबवून डॉक्टरांकडे जावयास हवे. इट्राकोनॅझोल दुर्बळ हृदयाच्या रुग्णास घातक ठरू शकते, आणि कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिनबरोबर ते वर्ज्य आहे. त्याची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी लागते. आम्लपित्तावरील गोळीने ती नीट शोषली जात नाही. फ्लुकोनॅझोल मधुमेहावरील काही गोळ्यांचा प्रभाव वाढवते आणि रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. ग्रिझिओफल्विन गर्भवतीस देता येत नाही. म्हणूनच चालू असलेली सर्व औषधे, यकृताचा पूर्वीचा आजार आणि गर्भारपण यांची माहिती डॉक्टरांना आधी दिली पाहिजे.

दुसरी चूक अर्धवट उपचारांची. मुलाच्या डोक्यावरील नायटा केवळ मलमाने बरा होत नाही, कारण मलम केसांच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. कित्येक आठवडे पोटातून औषध द्यावे लागते. पायाच्या नखाच्या बुरशीस टर्बिनाफिन साधारण बारा आठवडे घ्यावे लागते. खाज थांबली की गोळ्या बंद करणारा रुग्ण रोग मुळासकट काढत नाही, नुसता झाकतो.

तिसरी चूक सर्वांत महाग पडणारी आहे. दुकानदाराने दिलेल्या मिश्र मलमात बुरशीविरोधी द्रव्याबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज शमते, रुग्ण खूष होतो, आणि बुरशी मात्र पसरत जाते. अशी स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीविना विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला. तो कागदावर आहे, दुकानाच्या फळीवर अभावानेच दिसतो. टर्बिनाफिनला दाद न देणारा नायटा आज भारतात वाढला आहे. त्यामागे या मनमानी वापराचाही वाटा असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

वस्तुतः बुरशी ओळखण्याची प्राथमिक परीक्षा खर्चिक नाही. त्वचेचा खरवडा किंवा नखाचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बुरशीचे तंतू बहुधा दिसतात. एवढी सोय आणि ती वापरणारा प्रशिक्षित माणूस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावा, ही मागणी अवाजवी नाही. एकाच गावात एकाच लक्षणाचे अनेक रुग्ण निघाले, तर त्याच आठवड्यात अन्न, पाणी व रक्त यांचे नमुने तपासणीस जावेत, असा दंडकही हवा. दरम्यान गावातील शिक्षकाने आणि कचेरीतील कारकुनाने शेजाऱ्याला, आपल्याला लागू पडलेली गोळी सुचवण्याऐवजी, तपासणीची वाट दाखवावी. बोंडगावच्या मुलामुलींचे केस गेले तेव्हा त्यांना औषधाआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते : आम्हाला झाले आहे तरी काय?