डिंकाचे लाडू संपल्यानंतर

अंगावर पाजणाऱ्या आईच्या जेवणाचा विषय निघाला की तीन मतं हमखास ऐकू येतात. सव्वा महिना डिंकाचे, हळिवाचे लाडू खाल्ले की तिचं पोषण झालं, हे पहिलं. तिनं वातूळ किंवा आंबट खाल्लं तर बाळाला बाधतं, म्हणून डाळी, दही आणि फळं बंद, हे दुसरं. तिसरं शिकल्यासवरल्या घरांतलं: आई कमी जेवली तरी दूध येतंच, मग एवढा बाऊ कशाला? तिन्ही मतांचा शेवट एकाच ठिकाणी होतो. बाळाला दिवसरात्र पाजणारी बाई स्वतः अर्धपोटी राहते.

तिसऱ्या मतात तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेऊ. १९५०च्या दशकात डॉ. सी. गोपालन यांनी दक्षिण भारतातल्या गरीब मातांचा अभ्यास केला, तेव्हा अपुऱ्या आहारावरही या बाया दीर्घकाळ बऱ्यापैकी दूध पाजतात, असं त्यांना आढळलं. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात, केनेबा या गावी, अँड्र्यू प्रेंटिस आणि सहकाऱ्यांनी स्तनदा मातांना रोज पूरक आहार दिला. १९८३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष सांगतात की दुधाचं प्रमाण त्यामुळे वाढलं नाही. सुधारलं ते आईचं वजन.

या अभ्यासांवरून ‘आईनं कमी खाल्लं तरी चालतं’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. बाळाला दूध मिळत राहतं, कारण शरीर ते आईच्या साठ्यातून काढून देतं. दुधातलं कॅल्शियम बऱ्याच अंशी तिच्या हाडांतून येतं. शिवाय सगळेच घटक असे भरून निघत नाहीत. बी-१, बी-१२, अ जीवनसत्त्व आणि आयोडीन यांचं दुधातलं प्रमाण आईच्या आहारावर आणि साठ्यावर अवलंबून असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. अशा आईनं दूध, ताक आणि दही सोडलं, अंडी-मासे तर घरात येतच नसले, तर झळ बाळापर्यंत पोचते.

इथेच दुसरं मत उघडं पडतं. डाळीनं किंवा कोबीनं वायू होतो तो आईच्या आतड्यात, आणि तो दुधात उतरत नाही. चव मात्र उतरते. अमेरिकेत ज्युली मेनेला यांच्या १९९१च्या प्रयोगात आयांनी लसूण घेतल्यावर दुधाचा वास बदलला, आणि बाळं त्यानंतर अधिक वेळ अंगावर पीत राहिली. काही थोड्या बाळांना आईच्या आहारातल्या गाईच्या दुधाची खरी अ‍ॅलर्जी असते. शौचातून रक्त जाणं, अंगावर चट्टे उठणं अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं तो पदार्थ बंद करावा. पण त्या अपवादापायी प्रत्येक बाळंतिणीचं वरण आणि फळं काढून घेणं समर्थनीय नाही.

आता लाडू. हळिवात लोह आहे, डिंक-खारीक-तुपात भरपूर ऊर्जा आहे, आणि ते बाळंतिणीला देणारी परंपरा तिच्या भल्याचीच आहे. मात्र त्यांनी दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही. दूध मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती पितं यावर ठरतं. खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. सव्वा महिन्यानं माहेरपण सरतं, तर निव्वळ अंगावरचं दूध सहा महिने द्यायचं असतं. त्या काळात बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं, आणि आई तोवर स्वयंपाकाला, शेतावर किंवा नोकरीला परतलेली असते.

मग तिला लागतं किती? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० किलोकॅलरी जादा, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानंही अंगणवाडीच्या आहारासाठी ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं हेच माप धरलं होतं. नेहमीच्या जेवणाखेरीज एक भाकरी, वाटीभर मुगाची उसळ, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे आणि एक केळं घेतलं की ते जवळपास पूर्ण होतं. यात महाग असं काही नाही.

या बाईकडे नसतो तो वेळ. सगळ्यांना वाढून शेवटी उरेल ते खायचं, आणि तेवढ्यात बाळ रडतं. म्हणून पाजायला बसण्याच्या जागी पाण्याचा तांब्या आणि शेंगदाणा-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं अंडं असं एका हातानं खाता येईल ते ठेवावं. तो डबा भरणं हे नवऱ्याचं आणि सासूचं काम आहे, आणि तिचं ताट घरात आधी वाढलं गेलं पाहिजे.

घराबाहेर हीच जबाबदारी कायद्यानं मान्य केली आहे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्या मिळण्याची तरतूद आहे, आणि २०१७च्या दुरुस्तीनं प्रसूतिरजा २६ आठवडे झाली. महाराष्ट्राच्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागांतल्या स्तनदा मातांना सहा महिने एक वेळचं गरम, चौरस जेवण दिलं जातं. पण तान्हं बाळ घेऊन ऊसतोडीला गेलेल्या बाईची अंगणवाडी गावात मागे राहते, आणि घरकाम करणाऱ्या बाईला पगारी रजा देणारं कुणी नाही. कारखान्याच्या तळावर अंगणवाडीचा आहार पोचवावा, आणि ज्या घरात अशी बाई भांडी घासते त्या घरानं तिला रोज पोटभर जेवू घालून बाळाला पाजायला वेळ द्यावा.