शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच? सरकारी कॅन्सर तपासणीत आतडं का नाही?

'मूळव्याध, भगंदर, फिशर. विनाऑपरेशन इलाज.' नाशिकमध्येच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात ही पाटी शोधावी लागत नाही. शौचातून रक्त पडलं की पहिला संशय मूळव्याधीवर जातो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि आतड्याची दीर्घकालीन सूज यांचं लक्षणही हेच आहे. त्यामुळे मूळव्याधीचं औषध चालू असताना मूळ आजार मागे राहून जातो.

सरकारी तपासणीत काय होतं?

केंद्राच्या असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात 30 वर्षांपुढच्या नागरिकांची मधुमेह, रक्तदाब आणि तीन कॅन्सरसाठी तपासणी होते: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. आतडं या यादीत नाही. इंग्लंडमध्ये मात्र 50 ते 74 वयोगटाला दर दोन वर्षांनी शौच तपासणीचं किट घरपोच मिळतं. अमेरिकेने तर 2021 मध्ये तपासणी सुरू करण्याचं वय 50 वरून 45 वर आणलं.

मग भारताचं चुकतंय का? सरसकट तसं म्हणता येणार नाही. भारतात या कॅन्सरचं प्रमाण लाखामागे साधारण 5 आहे, डेन्मार्क किंवा नॉर्वेत ते 40 च्या आसपास. शिवाय शौचातलं रक्त जंत, आमांश, मूळव्याध अशा कशानेही येतं. म्हणजे किट वाटले तर पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची पुढे कोलोनोस्कोपी करावी लागणार. सुरगाणा किंवा पेठच्या माणसासाठी त्याचा अर्थ नाशिक गाठणं, आदल्या दिवशी पोट साफ करण्याचं औषध, बुडालेली मजुरी.

पण सरसकट तपासणी नको म्हणजे कुणालाच नको, असं नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर साधारण 40 व्या वर्षी, किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या 10 वर्षं आधी (जे आधी येईल तेव्हा), कोलोनोस्कोपी करावी असा सल्ला दिला जातो. आतड्यातल्या गाठीचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला बहुधा 10 वर्षं लागतात. त्याआधी सापडलेला पॉलिप कोलोनोस्कोपीतच काढता येतो.

सूज की टीबी?

आतड्याच्या सुजेचे दोन मुख्य आजार: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. खरी गुंतागुंत क्रोन्सची. लहान आणि मोठं आतडं जिथे जोडलं जातं, तिथेच तो बऱ्याचदा होतो आणि आतड्याचा टीबीही नेमका तिथेच. पोटदुखी, ताप, वजन घटणं, व्रण... दोन्हींत सारखंच. बायोप्सीतूनही कधीकधी उलगडा होत नाही.

चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी पसरतो. उलट झालं तर रुग्ण महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या खातो आणि आतडं आकसत जातं. म्हणून निदान पक्कं होत नसेल तेव्हा आपल्याकडे अनेकदा टीबीचे उपचार सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. व्रण भरले नसतील तर निदानाचा फेरविचार. सहा महिने नुसतं 'बरं वाटतंय का' विचारत राहणं पुरेसं नाही.

उपचार कुठवर आलेत?

कोलायटिसमध्ये बहुतेकदा मेसालामाइनच्या गोळ्यांनी सुरुवात होते. आजार भडकला की थोडे दिवस स्टिरॉइड, मग अ‍ॅझाथायोप्रिन, आणि तेही पुरेना तर इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं. अ‍ॅडालिमुमॅबची स्वस्त आवृत्ती 2014 मध्ये जगात सर्वप्रथम भारतीय कंपनीनेच बाजारात आणली, तरी सामान्य घराला ती स्वस्त वाटत नाही. ही इंजेक्शनं दडलेला टीबी जागा करू शकतात, त्यामुळे आधी टीबीची तपासणी अनिवार्य.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच 2023 च्या निर्णयानुसार कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत वाढलं. पण योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे आणि कोलायटिसचा खर्च मुख्यतः रोजच्या गोळ्यांचा, वर्षानुवर्षं. बरं वाटलं की गोळ्या बंद होतात त्या इथेच. कोलायटिसला आठ वर्षं झाली की कॅन्सरसाठी ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करायची असते. गोळ्या सोडलेला रुग्ण त्या तपासणीलाही फिरकत नाही.