बैलाला आठ, माणसाला शून्य

रस्त्यांच्या भूमितीवर मॅट्रिक झालेल्या मास्तराने बोलू नये, असे आमच्या काही मित्रांचे मत आहे. त्यांना एवढेच सांगतो, की 1927 साली हिंदुस्थानातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅ. मु. रा. जयकर होते. ते कायदेपंडित, इंजिनिअर नव्हेत. त्या समितीच्या विचारातूनच पुढे 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस जन्मली. रस्ता ज्याच्या दारावरून जातो, त्यालाही तोंड आहे.

या संस्थेने 1980 साली ग्रामीण महामार्गांच्या आखणीची प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यांचा पाया म्हणजे संकल्पित वेग. तो ठरला, की वळणाची त्रिज्या, बाहेरच्या कडेची उंची, दृष्टीचे अंतर, सारे ओघानेच येते. आणि वेग कशावरून ठरवायचा? रस्त्याचा दर्जा आणि जमिनीचा चढउतार यांवरून. सपाट मुलखात राष्ट्रीय महामार्गाला ताशी 100 किलोमीटर. पाथरी, मानवत, परभणी या वाटेने जाणारा महामार्ग 61 अशाच मुलखातला. आमची जमीन सपाट, एवढ्याच पुण्याईवर आमच्या वाट्याला हा वेग!

वाहनांची मोजदाद तर मोठी मौजेची आहे. 1990 च्या कोष्टकात मोटार एक, ट्रक तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी आठ! कारण ती मोटारींची वाट अडवते. पायी चालणाऱ्या माणसाला त्या कोष्टकात रकानाच नाही. तो कोणाची वाट अडवत नाही, फक्त मरतो.

आता शाळेतले गणित करू. ताशी 100 च्या वेगाला थांबण्यासाठी 180 मीटर दृष्टिअंतर पुरे, असे शास्त्र सांगते. दुपदरी रस्ता 7 मीटर रुंद. दप्तर घेतलेली पोर सेकंदाला एक मीटर चालली, तर तिला 7 सेकंद लागतील. तेवढ्यात मोटार सुमारे 194 मीटर येते. वळणावर किंवा पुलाच्या चढावर 180 मीटरच दिसत असेल, तर रिकामा रस्ता पाहून निघालेली ती पोर पलीकडे पोचण्याआधीच मोटार तिच्यापाशी आलेली असते. मग तिचा जीव ड्रायव्हरच्या ब्रेकवर! 180 मीटर पुरे खरे, पण कोणाला?

यावर उत्तर तयार असते: भुयारी मार्ग बांधू. बांधा की! पण पावसाळ्यात त्याचे तळे झाले, म्हणजे पोरांनी पोहत शाळेला यावे काय?

स्वीडनच्या संसदेने 1997 साली वेगळे तत्त्व स्वीकारले: मानवी देह जेवढा आघात सोसू शकतो, त्यावरून वेग ठरवावा. मला हेच शहाणपण वाटते. जमिनीचा उतार मोजता, तशी गावाची पावलेही मोजा. जिथे शाळा, बाजार किंवा शेताची वाट रस्त्याला छेदते, तिथे आधी चालणाऱ्याचा हिशेब करा आणि मग वेगाचा आकडा लिहा. तो आकडा काही ब्रह्मदेवाने लिहिलेला नाही. माणसांनी लिहिला आहे आणि माणसांनाच तो बदलता येतो.