शहरें बदलतात, कीं बदलविलीं जातात?

मराठी व्याकरणानें प्रयोग तीन मानले आहेत : कर्तरि, कर्मणि आणि भावे. आमच्या नगरभूगोलाच्या लेखकांनीं त्यांत चौथ्याची भर घातली आहे. त्यास ‘निष्कर्तृक प्रयोग’ असें नांव द्यावें अशी आमची सूचना आहे. ‘गिरण्या गेल्या’, ‘चाळी पडल्या’, ‘वस्ती उपनगरांकडे सरकली’, ‘मध्यवर्ती भागाचें स्वरूप पालटलें’ : पाठ्यपुस्तकें उघडावीं, वृत्तपत्रें चाळावीं, पानोपानीं हींच वाक्यें. जणू ऋतु पालटतांच पाखरांचा थवा उडून जावा तशा गिरण्या गेल्या, आणि पावसाळ्यांत अळंबीं उगवावींत तसे त्यांच्या जागीं मनोरे आपोआप उगवले! कोणीं पाडलें, कोणाच्या आज्ञेनें पाडलें, कोणत्या नियमाच्या आधारें पाडलें, आणि पडलेल्याच्या जागीं जें उभें राहिलें तें कोणाच्या पदरांत पडलें, या प्रश्नांस असल्या वाक्यांत जागाच नाहीं. ही केवळ भाषेची हयगय असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु ही हयगय नसून हा एक सिद्धांत आहे, आणि तो सिद्धांत खोटा आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

या सिद्धांताचें माहेर दूर, अमेरिकेंत आहे. पार्क आणि बर्जेस या शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनीं १९२५ सालीं ‘द सिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत बर्जेसनें शहराचें चित्र एकांत एक अशा वर्तुळांनीं काढलें : मध्यभागीं व्यापार, त्याभोवतीं मोडकळीस आलेला संक्रमणाचा पट्टा, त्यापलीकडे कामगारांचीं घरें, मग सुखवस्तूंचीं, आणि अगदीं कडेला रोज ये-जा करणारांचीं. एका वर्तुळांतील वस्ती पुढच्या वर्तुळांत शिरते, या क्रियेस त्यांनीं ‘आक्रमण’ आणि ‘अनुक्रम’ अशीं नांवें दिलीं. हीं नांवें त्यांनीं वनस्पतिशास्त्रांतून उसनीं घेतलेलीं होतीं. पुढें १९३९ सालीं हॉइटनें वर्तुळांऐवजीं पाचरी काढल्या, आणि १९४५ सालीं हॅरिस व उल्मन यांनीं एका केंद्राऐवजीं अनेक केंद्रें मांडलीं. या विद्वानांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. १८४० सालीं ४,५०० च्या आंतबाहेर वस्ती असलेलें शिकागो १९२० सालीं २७ लाखांचें झालें होतें. सपाट मैदान, शेजारीं सरोवर, आणि देशोदेशींहून लोटणारे लोक, हा देखावा त्यांच्या डोळ्यांपुढें होता. डोळ्यांपुढचें शहर त्यांनीं पाहिलें. आम्हीं मात्र आमचें शहर पाहण्याऐवजीं त्यांची आकृति पाठ केली!

ती आकृति मुंबईवर ठेवून पाहावी. मुंबई बेट दक्षिणोत्तर लांबोडकें, आणि व्यापाराचें ठाणें त्याच्या दक्षिण टोंकाला. तेथें कंपासचें टोंक रोवून वर्तुळें काढलीं तर तीं बहुतेक समुद्रांतच पडतात. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या आगगाडीनें आणि तिच्या मागोमाग आलेल्या दुसऱ्या लोहमार्गानें वस्ती उत्तरेकडे ओढली, म्हणून हॉइटच्या पाचरी येथें थोड्या जुळतात. परंतु आमचें भांडण आकृतीच्या घाटाशीं नाहीं. तिच्या मुळाशीं असलेल्या उपमेशीं आहे. शहर हें रान नव्हे. रानांत एक झाड खुरटतें व दुसरें फोफावतें, त्याबद्दल जाब कोणास विचारावा? शहरांत मात्र प्रत्येक भिंतीमागें एक दप्तर असतें आणि त्या दप्तरांत एक सही असते.

मुंबईचा इतिहास या सह्यांचाच इतिहास आहे. १८९६ सालीं प्लेगनें शहरांत पाऊल टाकलें. १८९८ सालीं कायदा होऊन सुधार-विश्वस्तमंडळ स्थापन झालें. त्यानें दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, आणि पाडापाडीनें घराबाहेर पडलेल्यांनीं शेजारच्या चाळींत गर्दी केली. एका पेठेची गर्दी हटविण्यासाठीं दुसरींत गर्दी करणें, याला ‘अनुक्रम’ म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. पण हा अनुक्रम निसर्गानें नव्हे, सरकारी ठरावानें घडविला. १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें आणि वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी उभ्या राहिल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविलीं. त्याचे परिणाम दोन झाले. घरमालकांनीं दुरुस्तीवरचा हात आंखडला, हा एक. आणि जीं मध्यमवर्गीय व श्रमजीवी कुटुंबें बर्जेसच्या आकृतीप्रमाणें केव्हांच बाहेर फेंकलीं जावयाचीं, तीं गिरगांवांत व लालबागेंत पिढ्यान् पिढ्या टिकलीं, हा दुसरा. कायदा बरा होता कीं वाईट, हा वाद निराळा. लोक गेले तेही कायद्यानें, आणि राहिले तेही कायद्यानेंच, एवढें येथें पुरे आहे.

शहरास सजीव मानणारा एक थोर पुरुष या मुंबईंतच होऊन गेला. पॅट्रिक गेडीज हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१९ पासून कांहीं वर्षें ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. सरसकट पाडापाडीस त्यांचा विरोध असे, आणि शक्य तेवढें राखून आवश्यक तेवढेंच कापावें अशा ‘राखणाऱ्या शस्त्रक्रियेचा’ त्यांनीं पुरस्कार केला. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, शस्त्रक्रिया म्हटली म्हणजे शस्त्रवैद्य आलाच. गेडीजांनीं शहरास देह म्हटलें, पण सुरी कोणाच्या हातीं आहे हें ते विसरले नाहींत. आमचे लेखक देह तेवढा ठेवतात आणि वैद्यास पडद्याआड करितात!

आतां गिरणगांवाकडे वळूं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारे अडीच लाख कामगार उतरले. जुनीं यंत्रें, यंत्रमागांची स्पर्धा, मालकांनीं अन्यत्र वळविलेलें भांडवल, यांमुळें कापडधंदा आधींच खचला होता, आणि संप नसता तरी तो फार दिवस तगला नसता, असें म्हणणारांशीं आम्ही वाद घालीत नाहीं. धंदा बुडणें ही एक गोष्ट. बुडालेल्या धंद्याखालच्या सुमारे ६०० एकर जमिनीचें काय करावें ही सर्वस्वीं दुसरी. पहिलीचें उत्तर बाजार देवो. दुसरीचें उत्तर शासनानेंच द्यावयाचें होतें, आणि शासनानें तें दोनदा दिलें. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें जमिनीचे ठोकळमानानें तीन वांटे ठरविले : एक महापालिकेस मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरबांधणीसाठीं, आणि एक मालकास. २००१ सालीं त्याच नियमांत दुरुस्ती झाली, आणि वांटणी सगळ्या जमिनीची न होतां केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीची व्हावी असें ठरलें. जेथें बहुतेक जमीन इमारतींनीं व्यापलेली, तेथें उद्यानांच्या व गरिबांच्या घरांच्या वांट्यास काय उरणार? मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं या दुरुस्तीच्या विरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं तो फिरवून दुरुस्ती कायम केली. दरम्यान २००५ सालींच केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळानें आपल्या कांहीं गिरण्यांच्या जमिनी लिलावानें विकल्या. यांत कोठें आहे निसर्ग? कोठें आहे ‘अनुक्रम’?

यावर अर्थशास्त्री म्हणतील कीं, ‘मध्यवर्ती जमिनीची किंमत चढली कीं जास्त भाडें देणारा कमी देणाऱ्यास हुसकणारच, हा नियम पाण्यास उताराचा तसा जमिनीस आहे.’ आमचें उत्तर असें : पाण्यास उतार असतो हें खरें, पण पाट कोठून काढावयाचा हें माणूस ठरवितो. भूखंडावर किती मजले चढवितां येतील, हें चटईक्षेत्राच्या निर्देशांकावर अवलंबून असतें, आणि तो निर्देशांक मंत्रालयांत ठरतो. निर्देशांक वाढविला कीं जमीन तीच, माती तीच, पण किंमत एका रात्रींत वाढते. जिची किंमत शासनाच्या लेखणीनें चढते, तिच्याविषयीं ‘किंमत चढली म्हणून लोक गेले’ असें म्हणणें म्हणजे बोट दाखवावयाचें पण हात लपवावयाचा! शिरगणती सांगते कीं मुंबई बेटाची लोकसंख्या १९८१ सालीं सुमारे ३३ लाख होती, ती २०११ सालीं ३१ लाखांवर आली. उपनगरें मात्र याच मुदतींत ९३ लाखांच्या पुढें गेलीं. आंकडे निर्विवाद आहेत. परंतु आंकडा ‘किती’ तें सांगतो. ‘कोणीं’ तें सांगत नाहीं.

शब्दांचेंही असेंच आहे. १९६४ सालीं लंडनच्या कामकरी वस्त्यांत सुखवस्तु लोक शिरूं लागलेले पाहून रूथ ग्लास या विदुषीनें ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द घडविला. त्या शब्दाच्या पोटांतच कर्ता आहे : जेंट्री, म्हणजे प्रतिष्ठित वर्ग. आम्हीं त्याच्या जागीं काय आणलें? ‘कायापालट’! काया कोणाची आणि पालटणारा कोण, दोन्ही गुलदस्तांत. शिवाय घरें विकणारांनीं लोअर परळास ‘अपर वरळी’ म्हणावयास प्रारंभ केला आहे. परळ या नांवाला गिरणीच्या भोंग्याचा नाद आहे. तो नाद गिऱ्हाइकाच्या कानीं पडूं नये, एवढाच या नामकरणाचा हेतु. नांव पुसलें कीं स्मरण पुसतें, आणि स्मरण पुसलें कीं हक्क पुसावयास वेळ लागत नाहीं.

आमची मागणी फार मोठी नाहीं. बर्जेस, हॉइट यांच्या आकृति शिकवाव्या. पण प्रत्येक आकृतीपुढें त्या त्या शहराचा जमिनीचा कायदा ठेवावा. ‘वस्ती हटली’ असें विद्यार्थ्यानें लिहिलें, तर ‘कोणीं हटविली?’ असें समासांत तांबड्या शाईनें लिहावें. शहर बदलूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. प्लेगच्या कोंदट खोल्यांविषयीं हळहळणारे आम्ही नव्हे. परंतु जें बदलविलें जातें त्यास ‘बदललें’ म्हणण्याची संवय आम्हांस लागली, म्हणजे उद्यां आमचें घर पडेल तेव्हांही तें आपोआप पडलें असेंच आम्ही म्हणूं. व्याकरणांत कर्त्यास प्रथमेचा मान आहे; नगराच्या शास्त्रांतही त्यास तोच मान मिळाला पाहिजे, कारण ज्यास कर्ता सांपडत नाहीं त्यास जाब मागतां येत नाहीं.