वळवाच्या मागे गाडी काढण्याआधी

बीडमध्ये माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हानं बसलेल्या बॅटऱ्या आणि बंद पडलेले एसीचे पंखे हे आमचं नेहमीचं काम. अलीकडे त्यात एका नव्या मागणीची भर पडली आहे. कॉलेजातली पोरं घरची गाडी घेऊन येतात आणि सांगतात, "काका, पुढं तीन मोबाईल, एक टॅब, काचेवर कॅमेरा, सगळं एकदम चालू राहिलं पाहिजे. वळवाच्या मागं जायचंय."

मला या पोरांचा राग येत नाही. दुपारी उकाड्यानं जीव कासावीस होतो, मग बालाघाटाच्या कडेला एक पांढरा ढग उभा वाढत जातो, तासाभरात त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो आणि पाटोद्याच्या माळावरून त्याच्या पोटातल्या विजा दिसू लागतात. हे बघायला मीही जातो. शाळेच्या पुस्तकात नाही इतकं हवामान त्या माळावर शिकायला मिळतं. पण गाडीतली मांडणी करताना आधी जिवाचा विचार हवा, चित्रीकरणाचा नंतर. सध्या उलटं चाललं आहे.

चालकासमोर हलतं चित्र असता कामा नये, यावर मी अडून बसतो. चालत्या गाडीत हातातल्या मोबाईलचा उपयोग फक्त रस्ता शोधण्यासाठी आणि लक्ष न ढळू देता करावा, असं केंद्रीय मोटार वाहन नियम ऑक्टोबर २०२० पासून सांगतात. ढगाचं चित्र, नकाशावर उमटणारे विजांचे ठिपके, थेट प्रक्षेपण, यातलं काहीही त्यात बसत नाही. अमेरिकेत वादळामागे गाडी घेऊन फिरायची रीत १९५०च्या दशकापासूनची. तिथल्या जाणत्यांचेही जीव गेले. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ टिम सॅमरस, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी टोर्नेडोत सापडून गेले. सॅमरस तर वादळाची उपकरणं स्वतः घडवणारे इंजिनिअर होते. मला मात्र त्याहून जास्त अस्वस्थ करते ती २८ मार्च २०१७ची घटना. टेक्सासमधल्या स्पर गावाजवळच्या चौकात वादळामागे निघालेल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि तीन जण गेले. एक गाडी थांबण्याची पाटी ओलांडून आली होती, तिच्यातून थेट प्रक्षेपण चालू होतं. वादळानं त्यांना हातही लावला नव्हता. आपल्याकडे फाट्यावर पाटीही नसते आणि धुळीच्या लोटातून मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर उभी राहते.

म्हणून पडदा शेजारी बसणाऱ्यापुढे. तोही एअरबॅगच्या झाकणावर चिकटवायचा नाही, एअरबॅग फुटली तर मोबाईल दगडासारखा तोंडावर येईल. मधल्या एसीच्या जाळीला, शेजाऱ्याकडे वळवून लावलेला उत्तम. आपल्या मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाईल तापून बंद पडतो, जाळीसमोर तो थंड राहतो. शेजाऱ्यानं बघावं आणि बोलून सांगावं. शेजारी कुणी नसेल, तर आधी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची आणि मगच मोबाईल बघायचा.

आता वायरिंग. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा असतो. दोन मोबाईलना तो पुरतो. लॅपटॉपसाठी १५० वॉटचा इन्व्हर्टर लावला, की पूर्ण भारावर तो एकटाच १२.५ अँपिअर ओढतो, वर तोटा धरला तर १४-१५. मग फ्यूज उडतो, आणि कुणीतरी हुशार माणूस तिथं तार गुंडाळतो. अशी गाडी आली की ती तार काढल्याशिवाय मी पुढच्या कामाला हात घालत नाही. फ्यूज उडाला म्हणजे त्यानं गाडी पेटण्यापासून वाचवली. जास्त उपकरणं चालवायची असतील तर बॅटरीवरून वेगळी जाड लाइन घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवा आणि मध्ये रिले टाकून तो इग्निशनवर जोडा, म्हणजे किल्ली काढली की सगळं बंद. बोनेटमधून आत येणारी वायर पत्र्याच्या भोकाला घासते, तिथं रबर हवंच. आपल्या रस्त्यांच्या धक्क्यांनी एका मोसमात वायरचं कातडं निघतं. सोबत छोटा व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना तो १४ च्या आसपास दाखवतो. इंजिन बंद करून चित्रीकरण चाललं असेल आणि आकडा १२ च्या खाली गेला, तर ताबडतोब सगळं बंद करा. डोक्यावर वीज कडाडत असताना गाडी ढकलायला माळावर उतरावं लागलं, तर सगळी तयारी वाया गेली.

पोरांना पटत नाही, पण या कामातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र जुन्या बोलेरोतला रेडिओ आहे. मीडियम वेव्हवर, जिथं स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवायचा. दूरवर वीज चमकली तरी त्यात कडकड होते. कडकड दाट होत गेली, की ढग जोरावर आहे किंवा जवळ येतो आहे. याला नेटवर्क लागत नाही, आणि घाटात नेटवर्क जातंच. स्वस्त चार्जर लावले की हीच कडकड त्यांच्या घरघरीत बुडते, म्हणून चार्जर चांगल्यातला घ्या.

मोबाईलवरचं रडारचं चित्र बघून पुढे घुसणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईचं रडार बीडपासून सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा सगळ्यात खालचा किरणही इथपर्यंत येताना जमिनीपासून सात-आठ किलोमीटर उंचावर गेलेला असतो. त्याला दिसलाच तर ढगाचा माथा दिसतो, खाली काय चाललंय ते नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी मराठवाड्यात पाहिली, त्यांना ढगाखाली काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं केलेलं 'दामिनी' अ‍ॅप मात्र प्रत्येक मोबाईलमध्ये असावं. विजा पकडणाऱ्या सेन्सरच्या जाळ्यावर ते चालतं आणि आपल्यापासून २० व ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर सांगतं.

गाडीत माणूस वाचतो तो रबरी टायरांमुळे, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. वाचवतो तो पत्रा. वीज छपरावरून, दरवाज्यांवरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. त्यामुळे ताडपत्रीच्या छपराची जीप, रिक्षा, मोटारसायकल, ट्रॅक्टर यांवर बसलेला माणूस उघड्यावरच असतो. पत्र्याच्या गाडीतही काचा वर घ्या, हात मांडीवर ठेवा, चार्जरला लावलेला मोबाईल हातात धरू नका. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंत मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. मोजणी ३० च्या आत आली की बाहेर उभं राहायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

पण बीड जिल्ह्यात विजेनं जाणारी माणसं कॅमेरा घेऊन फिरणारी नसतात. खुरपायला गेलेल्या बाया असतात, शेरडं राखणारी पोरं असतात, पाऊस आला म्हणून एकट्या लिंबाखाली थांबलेली माणसं असतात. माणूस गेल्यावर वारसांना सरकार ४ लाख रुपये देतं. तो जाऊ नये म्हणून त्या दुपारी त्याच्या कानावर कुणी काही घातलं का, हा माझा प्रश्न आहे. हौशी पोरांच्या गाडीत जी माहिती येते, ती एसटीच्या लाल बसमध्ये का येत नाही? बस पत्र्याची आहे, आतला प्रवासी सुरक्षित आहे. धोका सुरू होतो तो फाट्यावर उतरल्यावर. गाव दोन किलोमीटर आत, आडोसा म्हणून एकच झाड, आणि त्याच झाडाखाली सगळे जातात. वाहकाच्या मोबाईलवर दामिनीचा इशारा आला, तर तो दारातून ओरडून सांगू शकतो, "वीज जवळ आहे, झाडाखाली थांबू नका." पुढच्या गावात शेड असेल तर तिथपर्यंत बसू देऊ शकतो. यासाठी नवी गाडी नको, निविदा नको. चार्जिंगची एक धड लाइन, मोठ्या आवाजाचा एक इशारा आणि आगारातून आलेली एक लेखी सूचना पुरे. शाळेच्या गाड्यांना आणि ऊसतोडीचा हंगाम संपवून मजूर घेऊन परतणाऱ्या वाहनांच्या मुकादमांनाही हेच लागू.

बीड, गेवराई, पाटोदा, आष्टी, धारूर, अंबाजोगाई या आगारांच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे. रोहिणी लागायच्या आत हे करा, आणि हस्ताच्या पावसापर्यंत चालू ठेवा. बसमधल्या चार्जिंगच्या लाइनचं काम मी आणि माझ्या दुकानातली पोरं मजुरी न घेता करून देऊ. गाड्या कधी पाठवायच्या, तेवढं कळवा.